कानांनी ऐकत विंडोज टाकायचं कसं

बेळगावात कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात लॅपटॉप नेला आणि "हँग होतोय" म्हटलं, की उत्तर ठरलेलं असतं: "फॉरमॅट मारून देतो, उद्या संध्याकाळी या." दिसणाऱ्या माणसाचं काम तेवढ्याने भागतं. मला अजिबात दिसत नाही. माझ्यासारख्याच्या हातात दुसऱ्या दिवशी येतं ते मुकं यंत्र. पंखा फिरतो, बटणं दाबली जातात, पण पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम गेलेला असतो, मराठी आवाज गेलेला असतो आणि पासवर्ड दुकानातल्या पोराने स्वतःच्या मनाने ठेवलेला असतो.

माझा एक लॅपटॉप असाच परत आला. सी ड्राइव्हबरोबर डी ड्राइव्हही पुसला होता. त्यात माझ्या आईने गायलेल्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग होतं. पोराने मुद्दाम काही केलं नाही. "डीमध्ये काही ठेवायचंय का?" हा प्रश्न त्याने विचारला नाही, आणि शेजारी बसूनही मला तो सुचला नाही, कारण पडद्यावर आत्ता काय चाललंय हे मला कुणी सांगतच नव्हतं. त्यानंतर मी शिकलो. आता माझ्या मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिम मीच टाकतो, आणि खानापूर-निपाणीकडच्या ओळखीच्यांना फोनवरून टाकायला मदतही करतो. हे काम ऐकून होतं. फक्त मशीन कुठे बोलेल, कुठे बोलणार नाही आणि का, हे आधी माहीत हवं.

स्क्रीन रीडर हा एक प्रोग्राम आहे. पडद्यावर जे शब्द, बटणं, याद्या असतात त्यांची माहिती तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतो आणि आवाजात सांगतो. विंडोजमध्ये नॅरेटर आधीपासून असतो, एनव्हीडीए फुकट मिळतो, जॉज विकत घ्यावा लागतो. लिनक्स ही विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या डेस्कटॉपवर ऑर्का असतो. त्याचा शब्द आपल्या कानापर्यंत यायला आणखी दोघांचा हात लागतो. अक्षरांचा आवाज करणारं एक इंजिन, आणि तो आवाज स्पीकरपर्यंत नेणारा साउंड ड्रायव्हर. साखळीतली एक कडी नसली तरी मशीन गप्प. बिघडलेलं नसतं, काम करतच असतं, नुसतं बोलत नाही.

नवीन सिस्टिम टाकताना नेमकं हेच होतं. तुमचा एनव्हीडीए जुन्या विंडोजच्या आत राहतो. ते विंडोज बंद करून पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, की तो घरातच राहिला. पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर चालवण्यापुरती एक छोटी सिस्टिम असते. तिच्याजवळ स्वतःचा वाचक, स्वतःचं आवाजाचं इंजिन आणि तुमच्या मशीनला चालणारा साउंड ड्रायव्हर असेल, तर ती बोलेल.

जांबोटीवरून गोव्याला निघालं आणि गाडी चोर्ला घाटात शिरली की फोनची रेंज जाते. घाट संपला की येते. मध्ये घाबरून कुणी गाडीतून उतरत नाही, कारण रस्ता माहीत असतो. इन्स्टॉलमध्येही असे मुके पट्टे आहेत. पहिला पट्टा बटण दाबल्यापासून इन्स्टॉलर बोलेपर्यंतचा. दुसरा, फायली कॉपी होऊन मशीन स्वतः रीस्टार्ट होतं तेव्हाचा. तिसरा लागेलच असं नाही, पण लागला तर तोच जास्त छळतो: सगळं झाल्यावर नव्या सिस्टिमला तुमचं साउंड कार्ड ओळखता न येणं.

पहिल्या पट्ट्यात बायोस येतो. नव्या मशीनवर त्याला यूईएफआय म्हणतात. मदरबोर्डवरचा हा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधी चालतो, आणि आपल्या वापरातल्या बहुतेक मशीनमध्ये तो बोलत नाही. पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायचं की हार्ड डिस्कवरून, हे इथे ठरतं. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच मशीनवर एफ१२ आणि एचपीवर एफ९ दाबून बूटची यादी येते, पण ती वाचून दाखवायला कुणी नसतं. अंदाजाने बाण दाबणं मला कधीच पटलं नाही. त्या यादीचा क्रम पेन ड्राइव्ह लावला-काढला की बदलू शकतो.

जुनं विंडोज अजून चालत असेल तर बायोसला हात न लावता जाता येतं. विंडोज बटण आणि आर दाबून रनची चौकट उघडा. तिथे शटडाउन, जागा (म्हणजे स्पेस), स्लॅश आर, जागा, स्लॅश ओ, जागा, स्लॅश टी, जागा, शून्य असं इंग्रजीत टाइप करून एंटर द्या. मशीन रीस्टार्ट होऊन पर्यायांच्या पडद्यावर थांबतं. तिथे कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकदम दाबलं की नॅरेटर सुरू होतो. त्याला "यूज अ डिव्हाइस" सापडलं की तिथून पेन ड्राइव्ह निवडायचा. म्हणजे बायोस जी यादी मुक्याने दाखवतो, तीच इथे ऐकून निवडता येते.

विंडोज चालतच नसेल तर फोनचा कॅमेरा. गूगलचं लुकआउट किंवा मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय पडद्यावरचा मजकूर वाचतं. नाहीतर बी माय आइज या ॲपवरून एखादा डोळस स्वयंसेवक व्हिडिओवर येतो. कॅमेरा पडद्यापासून हातभर लांब धरा, खोलीतला दिवा घालवा, म्हणजे काचेवर चमक पडत नाही. निळ्या पडद्यावरची निवडलेली ओळ कुठली, हे ॲपला बहुतेक वेळा कळत नाही. माणसाला कळतं. म्हणून या एका पायरीसाठी घरातल्या कुणाला दोन मिनिटं हाक मारायला मी कमीपणा मानत नाही.

पण एक सांगतो. विंडोज चालतंय, नुसतं मंद झालंय, तर पेन ड्राइव्हवरून सुरुवात करायचीच गरज नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खा इन्स्टॉलर एकाच फाइलमध्ये, उतरवा, तिच्यावर एंटर दिला की ती एखाद्या ड्राइव्हसारखी उघडते, आणि आतली सेटअप फाइल चालवा. अशा वेळी पहिल्या रीस्टार्टपर्यंत तुमचाच एनव्हीडीए बोलत राहतो, तुमच्याच वेगात, तुमच्याच आवाजात. फायली आणि प्रोग्राम दोन्ही ठेवायचा पर्याय निवडला तर शेवटी एनव्हीडीएही जागेवर असतो. सेटिंग्जमधलं "रीसेट धिस पीसी" याहून वेगळं आहे. त्यात फायली ठेवल्या तरी बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातात, म्हणजे एनव्हीडीएही जातो. मला विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्याने आयएसओचाच रस्ता धरावा.

आता स्वच्छ इन्स्टॉल, म्हणजे जुनं पुसून सिस्टिम नव्याने टाकणं. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तो तयार होतो, आणि त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू झालं की दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग कंट्रोल, विंडोज, एंटर. नॅरेटर बोलला तर जिंकलात. पुढे टॅबने फिरायचं, स्पेसने खूण करायची, एंटरने पुढे जायचं. आवाज आला नाही तर अजून मिनिटभराने परत दाबा, पण लागोपाठ दाबू नका. तीच बटणं नॅरेटर बंदही करतात, त्यामुळे चालू होत असलेला तुम्हीच बंद कराल.

तरीही शांतताच असेल तर बहुधा साउंड ड्रायव्हरचा प्रश्न असतो. बऱ्याच नव्या इंटेल लॅपटॉपवर आवाजाचं काम एका वेगळ्या भागाकडे असतं आणि त्याचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरच्या छोट्या सिस्टिममध्ये नसतो. यावर माझा उपाय एकच, आणि तो मी प्रत्येकाला पहिल्याच फोनवर सांगतो: यूएसबीचा वायरवाला हेडफोन, किंवा यूएसबीला लागणारं छोटं साउंड कार्ड, जवळ ठेवा. यूएसबीच्या आवाजाची पद्धत सगळ्या कंपन्यांत साधारण सारखी असल्यामुळे विंडोजला त्यासाठी खास ड्रायव्हर लागत नाही. ब्लूटूथचा हेडफोन इथे उपयोगी नाही, कारण तो जोडायची सोयच अजून सुरू झालेली नसते.

प्रॉडक्ट कीचा प्रश्न आला तर घाबरू नका. त्या मशीनवर आधी रीतसर विंडोज असेल तर त्याचं लायसन्स मशीनच्या हार्डवेअरशी जोडलेलं असतं. "आय डोंट हॅव अ प्रॉडक्ट की" निवडायचं आणि पूर्वी होती तीच आवृत्ती घ्यायची, होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो.

इन्स्टॉलची भाषा इंग्रजीच ठेवा, असं मी आग्रहाने सांगतो. मराठीवर माझं प्रेम कमी म्हणून नव्हे. आपल्याकडे घरात मराठी, बसच्या पाटीवर कन्नड आणि बँकेच्या ॲपमध्ये इंग्रजी, असं तिन्ही बाजूंनी ऐकायची सवय पोरांना असतेच. इन्स्टॉलमध्ये इंग्रजी शब्द लागतात तरी किती? नेक्स्ट, अ‍ॅक्सेप्ट, कस्टम, ड्राइव्ह, पार्टिशन (डिस्कचा एक भाग), अनअलोकेटेड (न वाटलेली जागा), डिलीट, फॉरमॅट, एवढे कळले की बस्स. खरी अडचण आकड्यांची. भराभर बोलणाऱ्या यंत्राच्या आवाजात एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांतला फरक निसटतो. आणि पुढच्या पायरीवर सगळा खेळ आकड्यांचाच आहे.

ती पायरी म्हणजे डिस्क निवडणं. माझ्या ओव्या गेल्या त्या इथेच. पडद्यावर डिस्कचं चित्र नसतं, नुसती यादी असते: ड्राइव्ह ०, पार्टिशन १, एकूण इतके जीबी, रिकामे इतके. दिसणाराही इथे चुकतो, म्हणून घाई करू नका. डिस्क ओळखायची ती आकारावरून, आणि इथे एक गोम आहे. खोक्यावर ५१२ जीबी लिहिलेली डिस्क विंडोज ४७६ म्हणून सांगतं, ५०० ची ४६५ होते, १ टीबीची ९३१. जागा कुणी खाल्लेली नसते. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीने मोजून १०७ कोटींहून थोडे जास्त धरतं. हे माहीत नसलं तर "माझी ५०० ची डिस्क यादीत नाहीच" असं वाटून माणूस भलतीच निवडतो. म्हणून आदल्या दिवशी, जुनं विंडोज चालू असताना, प्रत्येक ड्राइव्हचा आकार आणि रिकामी जागा ऐकून फोनवर नोंदवून ठेवा. ब्रेल येत असेल तर पाटीवर टोचून ठेवा. बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर काढा, म्हणजे यादीत ती येणारच नाही. डेस्कटॉपमध्ये दोन डिस्क असतील आणि एकीत जपायच्या वस्तू असतील, तर मशीन बंद करून, प्लग काढून तिची केबलच सोडवून ठेवावी, असं माझं मत. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मग हात चुकला तरी ती डिस्क सुरक्षित.

विंडोज ११ च्या नव्या सेटअपमध्ये सुरुवातीलाच एक खूण करावी लागते: फायली, ॲप, सेटिंग्ज, सगळं पुसलं जाईल हे मला मान्य आहे. नॅरेटरने ते वाक्य अर्धं वाचलं असताना स्पेस दाबू नका. पूर्ण ऐका.

लिनक्सची गोष्ट वेगळी, आणि खरं तर जास्त सोयीची. गेल्या पावसाळ्यानंतर निपाणीच्या माझ्या भाचीचा प्रश्न आला. तिचा डेस्कटॉप जुना. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती त्यात नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे अपडेट देणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवीन मशीनला पैसे नव्हते. मग आम्ही डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकायचं ठरवलं. तीही माझ्यासारखीच, पूर्ण अंध. मी खानापुरात, ती निपाणीत, मध्ये फोन.

डेबियनचा बूट मेन्यू तयार झाला की मशीन बीप करतं. जुना बायोस असेल तर एकदा, यूईएफआय असेल तर दोनदा. एस दाबून एंटर दिला की बोलता इन्स्टॉलर सुरू होतो. काही लॅपटॉपमध्ये बीप वाजत नाही, पण नव्या डेबियनमध्ये तीस सेकंद काहीच दाबलं नाही तर बोलता इन्स्टॉलर आपणहून सुरू होतो. ज्याला पडदा दिसत नाही तो गप्प बसून राहील, हे ज्याने लक्षात घेतलं त्याचं मला फार कौतुक वाटतं.

"मामा, दोनदा वाजलं."

"मग यूईएफआय आहे. एस दाब, एंटर दे."

"दिलं. काहीच बोलंना."

"थांब जरा. कुठली बटणं दाबू नको."

तिने दाबलं. मशीनला एकाहून जास्त साउंड कार्ड असतील तर डेबियन एकेका कार्डावर बोलून बघतं आणि ऐकू आलं तर एंटर द्या म्हणतं. तिच्या मशीनमध्ये एक कार्ड मॉनिटरच्या एचडीएमआय केबलचं होतं, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. त्या शांततेत तिने एंटर दिला. म्हणजे मुकं कार्ड पक्कं झालं. मशीन बंद करून परत सुरुवात.

दुसऱ्या खेपेला ती हात मांडीवर ठेवून बसली. थोड्या वेळाने फोनमधूनच मला तो आवाज ऐकू आला, डब्यातून बोलल्यासारखा, इंग्रजीत. "मामा, बोलायलंय! काय म्हणायलंय ते कळंना, पण बोलायलंय." तो ईस्पीकचा आवाज. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो रुक्ष वाटतो, पण इंजिन एवढंसं आहे म्हणून ते इन्स्टॉलरमध्ये मावतं, आणि त्याला मराठी, कन्नड, कोकणी तिन्ही येतात. दहा मिनिटं ऐकलं की कान सरावतो.

इथे माउस नाही, खिडक्या नाहीत. प्रश्न येतो, खाली आकडे घातलेली उत्तरं येतात, तुम्ही आकडा टाइप करून एंटर देता. मागे जायचं तर लहानपेक्षाची (<) खूण, मदत हवी तर प्रश्नचिन्ह. भाचीला हे विंडोजपेक्षा सोपं गेलं, कारण "आपण आत्ता पडद्याच्या कुठल्या कोपऱ्यात आहोत" हा प्रश्नच उरत नाही. कीबोर्ड कुठला म्हणून विचारलं की अमेरिकन इंग्लिश निवडावं, आपल्याकडच्या बहुतेक कीबोर्डवर तोच मांडलेला असतो. पासवर्ड टाइप करताना अक्षरं बोलली जात नाहीत, म्हणून तिथे सोपा, लहान लिपीतला पासवर्ड ठेवा आणि नंतर बदला. रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड रिकामा सोडला तर तुमच्याच खात्याला सगळे अधिकार वापरता येतात, त्यामुळे एक पासवर्ड लक्षात ठेवायचा वाचतो.

डिस्कची पायरी इथेही आहे, फक्त डेबियन कंपनीसारखंच मोजतं, म्हणजे ५०० ची डिस्क ५०० च ऐकू येते. सगळं ठरल्यावर एक शेवटचा प्रश्न येतो: हे बदल डिस्कवर लिहू का? त्याचं ठरलेलं उत्तर "नाही" असतं. नुसता एंटर दिला तर काहीही पुसलं जात नाही. भाचीने ते तीनदा ऐकलं, डिस्कचा आकार मला वाचून दाखवला, मग "हो"चा आकडा टाइप केला.

बोलत्या पद्धतीने टाकलं की ती सोय नव्या सिस्टिममध्येही आपोआप चालू राहते. रीस्टार्ट झाल्यावर लॉगिनच्या पडद्यावर ऑर्का बोलला, तेव्हा ती फोनवर रडली. मीही बोललो नाही थोडा वेळ.

नव्या लॅपटॉपवर डेबियन टाकणार असाल तर १२ किंवा १३ आवृत्तीच घ्या. त्याआधीच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये कंपन्यांची बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारे छोटे प्रोग्राम, नसायची, त्यामुळे काही साउंड चिप मुक्याच राहायच्या. २०२२ मध्ये डेबियनच्या लोकांनी मतदान घेऊन हा नियम बदलला आणि २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून ती फर्मवेअर आत येते. उबुंटू हा लिनक्सचा दुसरा प्रकार हवा असेल तर डेस्कटॉप उघडल्यावर ऑल्ट, विंडोज बटण आणि एस दाबलं की ऑर्का सुरू होतो. मॅकवर कमांड आणि एफ५ दाबलं की व्हॉइसओव्हर हा त्याचा स्क्रीन रीडर बोलतो, सिस्टिम परत टाकायच्या रिकव्हरीतसुद्धा.

दुसरा मुका पट्टा, रीस्टार्टचा, नुसता धीराचा आहे. विंडोज फायली कॉपी करून स्वतः बंद-चालू होतं आणि मध्ये नॅरेटर जातो. त्या वेळी पेन ड्राइव्ह काढून घ्या, नाहीतर काही मशीन पुन्हा इन्स्टॉलरमध्येच शिरतात. मग लॅपटॉपवर हात ठेवा. पंखा जोरात फिरतोय, कूस गरम होतेय, म्हणजे काम चालू आहे. वीस मिनिटांनी कंट्रोल, विंडोज, एंटर दाबून बघा. देश कुठला असं विचारलं, की तुम्ही घाटातून बाहेर आलात. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून हे काम लॅपटॉपची बॅटरी भरून आणि डेस्कटॉप यूपीएसवर ठेवूनच सुरू करा. अर्ध्यात मशीन बंद पडलं तर सगळं परत पहिल्यापासून.

इथे विंडोज ११ इंटरनेट मागतं. वायफायचा ड्रायव्हर नसला तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट कॉम्प्युटरला देणं, चालू करा. डेस्कटॉप आला की आवाज कधी कधी जातो, तो तिसरा पट्टा. यूएसबी हेडफोन कानात ठेवून विंडोज अपडेट चालवा, साउंडचा ड्रायव्हर बहुतेक वेळा त्यातूनच येतो. मग एनव्हीडीए टाका. त्याची फाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर आधीच ठेवलेली बरी. ती उघडल्याबरोबर एनव्हीडीए स्वतः बोलू लागतो, त्याआधी नॅरेटर बंद करा, नाहीतर दोघं एकदम बोलतात आणि एकाचंही कळत नाही. सेटिंग्जमध्ये साइन-इनच्या पडद्यावरही एनव्हीडीए वापरायची खूण असते, ती करून ठेवा.

आणि नव्या विंडोजने डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केली आहे का, ते त्याच दिवशी सेटिंग्जमध्ये बघा. केली असेल तर तिची ४८ आकड्यांची रिकव्हरी की असते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. ती फोनमध्ये घ्या, आणि घरातल्या एका माणसाकडून कागदावरही लिहून घ्या. पुढच्या वेळी शटडाउनच्या त्या आदेशाने मशीन पर्यायांच्या पडद्यावर गेलं, की ती विचारली जाऊ शकते.